मालानचा ब्रांदुर, माझा हाइनी

मालान माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल वाकडं बोलणारं माणूस उत्तरेच्या समुद्रातल्या आमच्या बेटावरच्या वेस्टरवीक गावात एकच आहे, आणि ते म्हणजे मी. बाकी सगळ्यांना ती देवमाणूस वाटते. आहेच हो ती चांगली, मी कुठं नाही म्हणते? पण कुंपणाला कुंपण लागून उभा जन्म देवमाणूस राहायला आलं, तर आपल्यासारख्या साध्या बाईनं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. पाद्रीसुद्धा सांगत नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, मालानकडून शिक.

ती सांडोय बेटावरून लग्न होऊन आली, तेव्हा मला या घरात येऊन चार उन्हाळे झाले होते. चार उन्हाळे मी सासूबाईंना रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा करून घातला, आणि म्हातारीनं कधी 'बरा आहे' याच्या पुढं एक शब्द काढला नाही. मालाननं पहिल्याच वर्षी बरणी पुढं ठेवली. म्हातारीनं दोनदा वाढून घेतलं आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "हा शिकून घे हान्सिना." मी नाही शिकले. आजतागायत नाही.

मांसाचंही तेच. आमच्याकडं थंडीत मेंढीचं मांस फटींच्या खोपटात टांगून वाऱ्यावर मुरवतात. आमचं दोघींचं खोपट एकच, मध्ये फक्त फळीची भिंत. मेंढ्या एकाच डोंगरावरच्या, वारा तोच, खारा दमटपणाही तोच. तिच्या बाजूचं मांस नाताळाला असं मुरलेलं निघायचं की वासानंच पाणी सुटावं, आणि माझ्या बाजूला बुरशी. माझा नवरा एलियास म्हणायचा, फळी काढून टाकू, म्हणजे कुणाचं कुठलं ते कळणारच नाही. मला कळलं असतं.

मग तिचा नवरा गेला. हानुस, माझा दीर. आइसलँडकडं मासेमारीला गेलेल्या जहाजावरून लाटेनं ओढून नेला, हाती काही लागलं नाही. त्यांचा पोरगा ब्रांदुर तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हता. मी ऊर बडवून रडले, कारण दीर गुणाचा होता आणि मला त्याची माया होती. मालान लोकांसमोर रडली नाही. सांत्वनाला येणारं माणूस माझ्याकडं बघायचं नाही, तिच्याकडं बघून म्हणायचं, काय धीराची बाई. दुःखातसुद्धा कौतुक तिचंच. महिनाभरात ती मासळीच्या कारखान्यात माझ्याच शेजारी सुरी घेऊन उभी राहिली, आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो हे तिथल्या मुकादमानं पहिल्याच आठवड्यात ओरडून सांगितलं.

एकाच गोष्टीत मी वरचढ होते. माझा हाइनी. मिसरूड फुटल्यापासून तो गावच्या फुटबॉल क्लबाचा गोलकीपर. उंच, खांद्यानं रुंद, आरडाओरडा करून पुढच्यांना हलवणारा. मालानचा ब्रांदुर दुसरा गोलकीपर, म्हणजे बाकावर बसणारा. आईनं विणलेला स्वेटर घालायचा, दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसायचा आणि हाइनीनं बॉल अडवला की सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या वाजवायचा. रविवारी आम्ही दोघी रेलिंगला टेकून सामना बघायचो. मी बॉलकडं कमी आणि मालानच्या तोंडाकडं जास्त बघायचे. म्हटलं, एवढीशी तरी जळू दे ही बाई. माझा गोलात आणि हिचा बाकावर, कुठंतरी टोचत असेलच की! छे. ती हसून म्हणायची, "काय उडी मारली हो जाऊबाई, आपल्या हाइनीनं." आपल्या! हे 'आपल्या' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी आमचा क्लब चुकून देशात दुसरा आला आणि युरोपच्या कपात जायचा हक्क मिळाला. संघ कसला होता तो! प्रशिक्षक सामल, म्हणजे शाळेतले मास्तर. पुढं खेळायला दोघं सुतार भाऊ, मागं कारखान्यातला गाडीवाला आणि बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा पोरगा. सगळ्यांनी आधीच मालकांकडून एकेका सामन्याचीच रजा मागितली होती, दुसऱ्याची कोण कशाला मागतो? पहिल्या फेरीत एस्टोनियाचा संघ आला. हाइनीनं तिथंही एकही गोल होऊ दिला नाही आणि इथंही नाही, आणि धाकट्या सुतारानं डोक्यानं एक घातला. आम्ही पुढं गेलो. माझ्या घरी कॉफीला निम्मं गाव आलं होतं, टेबलावर सात तऱ्हेचे केक होते. मालाननं भांडी घासली. तो दिवस मला फार आवडला.

दुसऱ्या फेरीत बेल्जियमचे. तिथं जाऊन शून्य-शून्य करून आले आपले. परतीचा सामना राजधानीत, तोर्सहाव्नला, कारण आमच्या मैदानावरून बॉल समुद्रात जातो आणि बाहेरच्यांना ते चालत नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी वारा फिरला. पश्चिमेचा, भरून वाहणारा. असा वारा त्या उन्हाळ्यात आलाच नव्हता, आणि असल्या वाऱ्यात पफिन पक्षी कड्याला चिकटून उडतात. हाइनी लांब दांड्याचं जाळं घेऊन कड्यावर गेला. सगळ्या संघाला खाऊ घालता येतील एवढे पक्षी धरले आणि उतरताना ओल्या गवतावरून घसरला. मनगट हे एवढं सुजलं. बेल्जियमचा एक वार्ताहर मास्तरांच्या मागं लागला होता, की एवढा मोठा सामना उद्यावर असताना तुमचा गोलकीपर पक्षी धरायला का गेला. मास्तर म्हणाले, "वारा चांगला होता." वार्ताहराला काही समजलं नाही. गावात कोणाला वेगळं उत्तर सुचलंही नसतं. मलाही नाही.

आणि मग गोलात कोण? आयत्या बिळावर नागोबा. मी कारखान्यात हे मोठ्यानं बोलले होते, मालान शेजारी असताना.

तो सामनाही शून्य-शून्यच झाला आणि पेनल्टीवर गेला. आता माझी हालत बघा. मला गावानं जिंकायला हवं होतं. पण ब्रांदुरनं जिंकवायला नको होतं. दोन्ही एकदम कसं व्हावं? मालान माझ्या शेजारी होती. तिनं डोळे घट्ट मिटले आणि माझाच हात धरला, दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच, बोटं बधिर होईपर्यंत. "काय झालं जाऊबाई, सांगा ना, काय झालं?" म्हणजे त्या पोरानं अडवलेली प्रत्येक पेनल्टी मलाच माझ्या तोंडानं तिला सांगावी लागली. दोन अडवल्या त्यानं. दुसरी अडवली तेव्हा सगळं मैदान आत धावलं, आणि माझा हाइनी, हात गळ्यात बांधलेला, ब्रांदुरला खांद्यावर घ्यायला धावला. मी तिथंच उभी राहून टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात की लोकांना वाटलं आनंदानं.

तिसऱ्या फेरीला जर्मनीचा तो मोठा क्लब. त्यांच्या मैदानात जेवढी माणसं बसतात तेवढी आमच्या सगळ्या बेटांवर मिळून नाहीत. आधी तिकडं खेळायचं होतं. सगळे म्हणाले, दहा गोल बसतील. बसला एकच. बाकीचे ब्रांदुरनं कुठं हातानं, कुठं पायानं अडवले, एक तर तोंडानं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो, नाक सुजलेला. दुकानदारानं तो फोटो काउंटरवर चिकटवला. मी दूध आणायला गेले की तो फोटोतून माझ्याकडं बघायचा. मी दूध एलियासला आणायला सांगू लागले.

परतीच्या सामन्याआधी हाइनीचं मनगट बरं झालं. चौतिशी गाठलेली, गुडघे वाजत होते, हे शेवटचं वर्ष म्हणून त्यानंच जाहीर केलेलं. आता मला जगात एकच गोष्ट हवी होती. त्या सामन्यात गोलात माझा हाइनी उभा असावा, आणि मालाननं बाकावरच्या मुलाची आई होऊन ते बघावं. लोकांना वाटतं बायका फार काही मागतात. मी एवढंच मागत होते.

सामल मास्तर माझ्याकडं आले, कॉफी प्याले, तीन तऱ्हेचे केक खाल्ले आणि हवापाण्यावर बोलले. मी शेवटी सरळच विचारलं. इतकी वर्षं माझ्या पोरानं तुमचा गोल राखला, आणि आता जर्मन आले तर त्याला बाकावर बसवणार का तुम्ही? मास्तरांनी मिशीवरची साय पुसली आणि म्हणाले, "हान्सिना, माझा पण जीव तुटतो. पण गोलात मला गेल्या महिन्यातला माणूस लागतो, गेल्या वीस वर्षांतला नाही." शनिवारी ब्रांदुरचं नाव लागलं. एलियास म्हणाला, एवढं काय त्यात, पोरगा आपल्याच घरातला आहे. मी म्हटलं, आपल्या घरातला नाही, शेजारच्या घरातला आहे. हाइनीनं मागच्या दारी जाऊन गोलात घालायचे हातमोजे उगाचच धुतले.

आणि सोमवारी काय व्हावं? लांब पल्ल्याचं एक जहाज धक्क्याला लागलेलं होतं, आइसलँडकडं निघायचं होतं, आणि त्यांचा स्वयंपाकी कंबर धरून घरी गेला. माणूस कमी पडला. आमच्याकडं जहाजाला माणूस कमी पडला आणि तुम्हाला विचारलं, तर जायचं असतं. नाही म्हणायची पद्धत नाही. एक माणूस नाही म्हणाला तर बाकीच्या सगळ्यांची फेरी बुडते, आणि नाही म्हणणाऱ्याच्या घरी पुन्हा कोणी विचारायला येत नाही. हाइनीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी माझा नवरा असाच निघून गेला होता, पाद्री पाणी घेऊन उभा असताना. ब्रांदुरला विचारलं म्हणे, आणि तो पिशवी घेऊन चढला. मास्तर धक्क्यावर धावत गेले. पण बोलणार काय? त्यांचे वडील कप्तान होते. जहाज सुटेपर्यंत हात खिशात घालून उभे राहिले आणि घरी आले.

सुंठीवाचून खोकला गेला! मी त्या दिवशी केक केला, कोणी यायचं नसताना. आणि कारखान्यात माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. म्हटलं, सोन्याचं ताट वाढून पुढं ठेवलं तरी काहीजण उठून कॉड माशांच्या मागं धावतात. म्हटलं, जर्मनांना बघून पोटात गोळा आला असेल, बाकावर बसायची सवय अशी सुटते होय? बायका हसल्या. काही नाही हसल्या. मालान मासा कापत राहिली. बोलली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

सामन्याच्या दिवशी सगळं गाव बोटीनं राजधानीला निघालं, आणि मालान आली नाही. तिचं गवत कापून पडलं होतं, आठवड्यानं ऊन निघालं होतं, वाळायला ते उलटायला माणूस हवा. म्हणाली, "तुम्ही जा जाऊबाई, मी तुमचंही उलटून ठेवते." बोटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की जिनं बघावं म्हणून मी एवढी तडफडले, तीच बघणार नाही. माझं गवत उलटत बसणार!

पण सामना विचाराल तर, तसा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. हाइनी गोलात असा उभा होता की जर्मन लांबूनच मारत होते. एक बॉल त्यानं बोटाच्या टोकानं वर उडवला. एक पोटाशी घेऊन चिखलात लोळला. उत्तरार्धात एक गेला. त्याच दुखऱ्या हाताखालून गेला, मी बघितलं, आणि माझ्या मागं कोणीतरी हळूच म्हणालं, ब्रांदुर असता तर. मी वळून बघितलं नाही. मग थोरल्या सुतारानं कोपऱ्यावरून आलेला बॉल कसाबसा गुडघ्यानं आत ढकलला, आणि एक-एक. तिकडचा एक धरून आम्ही बाहेर पडलो, पण कसे! सगळं मैदान उभं राहिलं. ध्वनिक्षेपकावरून हाइनीचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. त्यानं मला शोधून हात वर केला. मी रडले. या वेळी लोक माझ्याकडं बघत होते.

रडता रडता डोळे पुसले, तर चार ओळी खाली एक माणूस बाकड्यावर चढून उड्या मारत होता, एका हातात सॉसेज, दुसऱ्यात झेंडा. तो जहाजावरचा स्वयंपाकी होता. कंबर धरून घरी गेलेला.

मी खाली उतरले आणि त्याचा झेंडाच धरला. म्हटलं, कंबर बरी झाली वाटतं. तो आधी ओशाळला, मग म्हणाला, "माझी कंबर कधी दुखली हो? ब्रांदुरनं हातापाया पडून जागा मागून घेतली. त्याच्या घरच्यांसाठी मिळालेलं तिकीटही मला दिलं. म्हणाला, कप्तानाला सांग कंबर धरली. मला वाटलं, तुमच्या घरात ठरलंय सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाइनीच्या पुढं बटाटे ठेवले आणि विचारलं, तुला ठाऊक होतं का? तो बटाटे सोलत राहिला. एक सोलून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मला विचारलं होतं त्यानं. तू खेळणार का म्हणाला, मी निघून जातो. मी हो म्हटलं." मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आई, मला फार खेळायचं होतं गं." चौतीस वर्षांचा घोडा, आणि आवाज अगदी लहानपणचा. त्याच्या जागी मी असते तर मीही हो म्हटलं असतं. तोंडातून शब्द संपायच्या आत म्हटलं असतं. माझाच तो.

मी तशीच मालानच्या शेतात गेले. भांडायलाच गेले, खोटं कशाला सांगू. माझा एक दिवस होता, आयुष्यातला एक, आणि तोसुद्धा यांच्याच घरातून उसना आलेला निघावा? ती दाताळं घेऊन गवत उलटत होती. माझं सगळं उलटून झालं होतं, तिचं अर्धं राहिलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तिनं काय ते विचारलं नाही. "जहाज बंदराबाहेर गेल्यावर फोन केला त्यानं," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर मी धक्क्यावर आडवी पडले असते."

"मग मी कारखान्यात एवढं बोलत होते तेव्हा तोंड का उघडलं नाहीस?"

"तो म्हणाला, कोणाला सांगू नकोस." तिनं दाताळं जमिनीत रोवलं. "आणि खरं सांगू का जाऊबाई? तुम्ही त्याला नावं ठेवत होता ना, ते ऐकून मला बरं वाटत होतं. मी मनात त्याच शिव्या देत होते. गाढवा, म्हटलं, तुझा बाप गेल्यापासून मी एक दिवस मागितला नाही कुणाकडं. एकच आला होता. तो तू परस्पर देऊन टाकलास."

मालानच्या तोंडून असलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"काल रेडिओ लावला होता खिडकीत," ती म्हणाली. "दर वेळी हाइनीचं नाव. हाइनी, हाइनी. दोनदा बंद केला, दोनदा लावला. तुमचा हेवा वाटला मला. इतका वाटला की गवत उलटताना दात आवळून धरले होते. माफ करा, पण वाटला."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळे सुजलेले, नाक लाल, ओठ दाबून धरलेले. रेलिंगला टेकून जे मी दर रविवारी शोधायचे, ते सगळं होतं तिथं. आता समोर ठेवलंय तर घे की पोटभर, म्हटलं मी स्वतःला. आणि एक क्षण, देवाशपथ, गोड लागलंही.

मग ती पुन्हा गवताकडं वळली आणि दाताळ्याच्या प्रत्येक ओढीबरोबर पुटपुटू लागली, गाढव, मूर्ख, बापावर गेलेला. रागानं गवत उडत होतं. मी माझं दाताळं घेऊन तिच्या उरलेल्या अर्ध्यात उतरले, आणि दुपारपर्यंत तिच्या त्या शिव्या ऐकत राहिले. माझ्या हाइनीवर मी जन्मभर चिडत आले आहे, उशिरा उठतो म्हणून, बूट घेऊन आत येतो म्हणून. पण असल्या कारणासाठी पोरावर चिडायचं माझ्या नशिबात कधी आलं नाही. तिच्या त्या रागाचासुद्धा मला हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.